रजेवरची हजेरी

उजळाईवाडीच्या विमानतळाच्या विस्तारात गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्या जमिनींवरून उडालेले विमान मुंबईला जाते, आणि मुंबईच्या धक्क्यावरून २०२१ पासून पर्यटकांचे मोठे जहाज गोव्याच्या व लक्षद्वीपच्या दिशेने निघू लागले आहे. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या ओतकाम कारखान्याचा उत्पादन-व्यवस्थापक वर्षभर साठवलेल्या रजेतून चार दिवस काढून, पदरचे पैसे मोजून, बायकामुलांसह अशा जहाजावर चढतो, तेव्हा त्याच्याजवळ कारखान्याचे म्हणावे असे काहीही नसते. फक्त खिशात फोन असतो. भट्टीचे अस्तर गेले, गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, रात्रपाळीला दोन माणसे आली नाहीत, यांतील कोणतीही बातमी त्याला जहाजाच्या सज्जात गाठते. मुलगी समुद्र दाखवत असते आणि बाप फोनवर रात्रपाळीची माणसे जुळवत असतो. पूर्वी समुद्रावर माणूस निदान सुटत तरी असे. कोकणबोटीने गणपतीला निघालेल्या चाकरमान्याला मालकाचा निरोप गावच्या पोस्टात येऊन पडेपर्यंत सण उरकलेला असे. आता तीही सोय राहिली नाही. २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियन या बड्या जहाज-कंपनीने आपल्या ताफ्यावर स्टारलिंकची उपग्रह-सेवा बसवण्याचे जाहीर केले, आणि भर समुद्रात संपर्क होत नाही ही नोकरदाराची शेवटची सबबही भांडवलाने हिरावून घेतली.

या माणसाविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण काय, असा प्रश्न पक्षाच्या वर्तुळात हमखास विचारला जातो. जहाजावर मौज करायला जाणारा पांढरपेशा, त्यात कामगारांवर देखरेख करणारा, त्याची दोन तासांची कटकट हा काय चळवळीचा विषय आहे? गडमुडशिंगीत ज्यांना रजा हा शब्दच ठाऊक नाही अशी शेकडो घरे असताना श्रीमंती थाटाच्या सहलीची चर्चा कशाला? प्रश्न वरवर कडक वर्गीय भूमिकेचा वाटतो. वास्तविक तो आळसाचा आहे. मालकवर्गाने एखादी सवय प्रथम वरच्या नोकरदाराला लावावी, त्याने ती प्रतिष्ठेची खूण म्हणून मिरवावी, आणि मग तीच सवय सक्ती होऊन खालच्या प्रत्येकाच्या अंगावर यावी, हा भांडवलशाहीचा जुना शिरस्ता आहे. फोन प्रथम साहेबाला मिळाला. आज तो अंगणवाडी सेविकेच्या, ग्रामसेवकाच्या, गांधीनगरच्या पेठेतील कापडदुकानात काम करणाऱ्या नोकराच्या आणि मालट्रकच्या चालकाच्याही खिशात आहे, आणि त्या प्रत्येकाच्या सुट्टीत तो वाजतो. जहाजावर जे उघडपणे दिसते ते गावात नेहमीचे झाल्यामुळे दिसेनासे झाले आहे, एवढाच फरक.

रजा ही मालकाची कृपा नव्हे, हे सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सत्यशोधक विचारांच्या या पुढाऱ्याने रविवारच्या सुट्टीची मागणी सहा वर्षे लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० पासून गिरण्या रविवारी बंद राहू लागल्या. ही सुट्टी केवळ झोपेसाठी मागितलेली नव्हती. माणसाला घरासाठी आणि समाजकार्यासाठी आठवड्यात एक दिवस असावा, ज्यावर गिरणीचा हक्क नाही, हे त्या मागणीचे सार होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि १९४६ मध्ये आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये कामगारांनी कारखाने व्यापून संप केले, तेव्हा कुठे दोन आठवड्यांची पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा त्यांच्या पदरात पडला, आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे आगगाडीने किनाऱ्याला गेली. तेव्हा समुद्रावरची सहल हा जन्मतः श्रीमंतांचा विषय आहे ही समजूत चळवळीने तरी बाळगू नये. समुद्र पाहण्याचा हक्क कामगारांनी संप करून मिळवलेला आहे.

या सर्व लढ्यांत मिळवलेली गोष्ट कोणती? पगार हा तिचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग मालकाला न सापडण्याचा आहे. रजेवर गेलेला माणूस त्या दिवशी कारखान्यापुरता नसतो, आणि तो नाही हे गृहीत धरून कारखान्याने आपली व्यवस्था लावायची असते. ही व्यवस्था म्हणजे काय हे जुन्या गिरणी कामगाराला विचारावे. त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. बदली पद्धत काही आदर्श नव्हती. दाराशी ताटकळणाऱ्या त्या माणसांचे जॉबरने किती हाल केले हा स्वतंत्र इतिहास आहे, आणि १९३५ मध्ये मालकांच्या संघाने बदलीची नोंद सुरू केली ती काही भूतदयेने नव्हे. परंतु त्या पद्धतीत एक गोष्ट लख्ख होती. एक माणूस रजेवर गेला की दुसऱ्या माणसाला काम व मजुरी द्यावी लागे. रजेचा खर्च मालकाच्या वहीत पडे.

फोनने ही बदली मोडीत काढली. जहाजावर गेलेल्या व्यवस्थापकाचे काम आता तोच जहाजावरून करतो. कागदावर तो रजेवर असतो. त्याच्या खात्यातील रजेचे चार दिवस वजा होतात. त्याच्या जागी बसवायच्या माणसाचा पगार मालकाचा वाचतो. रजा देणाऱ्याने रजा दिली, घेणाऱ्याने घेतली, आणि काम एका क्षणासाठीही थांबले नाही. असा चमत्कार दुसऱ्याच्या श्रमावर डल्ला मारल्याखेरीज होत नाही. हेच सूत्र त्या एका माणसापुरते न ठेवता कोल्हापूरच्या सगळ्या वसाहतींना लावून पाहावे. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल येथील कारखान्यांत रजेवरचा प्रत्येक पर्यवेक्षक, प्रत्येक देखभाल-तंत्रज्ञ घरून वा गावाहून फोनवर काम उरकत असेल, तर त्यांच्या रजेच्या दिवसांत उभी राहायला हवी होती ती माणसे कुठे आहेत? ती गडमुडशिंगीच्या चौकात उभी आहेत. पदविका घेऊन, शिकाऊ म्हणून एक वर्ष काढून, कंत्राटदाराकडे नाव नोंदवून ती बोलावण्याची वाट पाहत आहेत. एकाला रजेतही काम आणि दुसऱ्याला कामच नाही, या दोन तक्रारी वेगवेगळ्या मोर्च्यांत मांडल्या जातात, म्हणून त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मालकांचे उत्तर तयार असते. फोन उचलण्याची कुणावर सक्ती नाही, माणूस आपखुशीने उचलतो, त्याला कामाची आस्था आहे. आस्था हा शब्द मालकाच्या तोंडी आला की कामगाराने आपला खिसा चाचपावा. लेखी हुकूम नाही हे खरे. पण वर्षाअखेरीस मूल्यमापनाचा तक्ता भरणारा हात आणि रजेच्या दुसऱ्या दिवशी फोन लावणारा हात एकच असतो. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात, आणि वाचूनही उत्तर दिले नाही याची नोंद कोणत्याही मस्टरशिवाय होते. कोल्हापूरच्या माणसाला ही पद्धत अपरिचित नसावी. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांना गावकामगारापुढे रोज हजेरी लावावी लागे. त्यांनी त्या दिवशी काही केले की नाही हा प्रश्नच नसे. ती हाताशी आहेत, एवढे कळणे पुरे असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली, आणि त्याच वर्षी महार वतनही रद्द केले. वतनदारीतील चाकरीला वेळेची मर्यादा नव्हती, सरकारी कामाला रात्री-अपरात्री बोलावले तरी जावे लागे, घरातला जो सापडेल त्याला जुंपले जाई. वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडताना डॉ. आंबेडकरांनी नेमक्या याच अमर्याद चाकरीवर बोट ठेवले होते. जातीच्या त्या यातनेची बरोबरी पगारदाराच्या कटकटीशी करणे हा निर्लज्जपणा ठरेल. यातना वेगळी आहे. चाकरीची रचना मात्र ओळखीची आहे: मोबदला ठरावीक, वेळ अमर्याद, आणि हाक येईल तेव्हा हजर.

हाकेची वाट पाहणे हे काम आहे की नाही, याचा निवाडा युरोपातील न्यायालयात झालेला आहे. बेल्जियममधील निव्हेल गावाच्या अग्निशमन दलातील एका स्वयंसेवक जवानाला पाळीच्या दिवशी घरीच थांबावे लागे आणि हाक येताच आठ मिनिटांत ठाण्यावर पोहोचावे लागे. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले की असा घरी घालवलेला वेळही कामाचाच वेळ होय. तो माणूस स्वयंसेवक म्हणवला जात होता, याने निकालात फरक पडला नाही. हे वाक्य आशा सेविकेला वाचून दाखवावे. शासनाच्या दफ्तरी ती स्वयंसेविकाच आहे. बाळंतिणीला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या की फोन तिला येतो, आणि त्यात तिची तक्रारही नसते. ते काम ती मनापासून करते. तक्रार आहे ती सणाच्या दिवशी दुपारी गटावर पडणाऱ्या फर्मानाची: माहिती ताबडतोब भरा, छायाचित्र पाठवा, सायंकाळपर्यंत अहवाल न आल्यास जबाबदारी तुमची. अंगणवाडी सेविकांवर २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचे यंत्र लादले गेले. इंग्रजीतले ते ॲप आणि निकृष्ट प्रतीचे फोन महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी त्याच वर्षी ऑगस्टपासून शासनाला परत केले. वर्तमानपत्रांनी ती तांत्रिक कुरबूर म्हणून छापली. खरे पाहता कामाच्या साधनासह येणारी अखंड चाकरी परत करण्याचा महाराष्ट्रातील तो पहिला सामुदायिक प्रयत्न होता, आणि तो जहाजावर जाणाऱ्यांनी नव्हे, मानधनावर जगणाऱ्या बायांनी केला.

जहाजावरही दोन जग असतात. वरच्या मजल्यावर प्रवासी जादा पैसे भरून संपर्क विकत घेतो, तो कचेरीने आपल्याला गाठावे म्हणून. खालच्या मजल्यावरचा खलाशी, स्वयंपाकी किंवा खोल्या झाडणारा नोकर, ज्यांत कोकणचा व गोव्याचा पोरगा हमखास सापडतो, तो संपर्क शोधतो तो आपल्याला घर गाठता यावे म्हणून. सागरी श्रमाविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्याच्या मानकाप्रमाणे दर चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे उरलेल्या तासांत काम घेता येते, हा त्याचा दुसरा अर्थ. याच करारात २०२२ मध्ये सुधारणा झाली आणि ती २०२४ च्या डिसेंबरात अमलात आली. तिच्यानुसार खलाशांना जहाजावर इंटरनेटची सोय शक्य तेथवर द्यावी आणि आकार घेतलाच तर तो वाजवी असावा, असे ठरले. एकाच जहाजावर, एकाच उपग्रहाच्या धाग्याने, एकजण बांधला जातो आणि दुसरा त्या धाग्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषदेत भांडतो. तेव्हा यंत्राला शिव्या घालून काही साधत नाही. बटण कोणाच्या हाती, हा प्रश्न आहे.

सरकार कोणाच्या बाजूने उभे आहे हेही पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या जुलैत पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेतील २६ वर्षांची तरुण लेखापाल नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत मरण पावली. कामाच्या असह्य ओझ्याविषयी तिच्या आईने लिहिलेले पत्र सप्टेंबरात सर्वत्र पसरले. मग श्रम खात्याचे अधिकारी तपासाला गेले आणि त्यांना आढळले की ती कचेरी २००७ पासून चालू असून दुकाने व आस्थापना कायद्याखाली तिची नोंदणी २०२४ पर्यंत झालीच नव्हती. म्हणजे दिवसाला नऊ तासांची मर्यादा मोडली की पाळली, हे पाहायला सतरा वर्षे कोणी फिरकलेच नव्हते. एवढ्या मोठ्या घटनेनंतर राज्य सरकारने काय केले? ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहावर नेण्यास मंजुरी दिली, आणि वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना कायद्याच्या कक्षेतून सैल सोडले. गांधीनगरची पेठ यांतच मोडते. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास राबण्याचा उपदेश केला, २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा नव्वदावर नेला. उपदेश भांडवलदारांनी करायचा आणि वटहुकूम सरकारने काढायचा, अशी ही श्रमविभागणी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांचीही गोष्ट तशीच. सुरक्षा व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत कामगार या शब्दाच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारा आणि दरमहा अठरा हजार रुपयांहून अधिक पगार घेणारा पर्यवेक्षक वगळला आहे. आजच्या महागाईत अठरा हजार म्हणजे काय, हे कोल्हापुरात खोली भाड्याने घेणाऱ्याला विचारावे. या एका ओळीने ओतशाळेचा मुकादम कामगारवर्गातून काढून टाकला गेला, आणि त्याच्या छातीवर साहेबाचा बिल्ला लावला गेला. बिल्ला मिळाला, तास गेले, जादा कामाची दुप्पट मजुरी गेली, कायद्याने हक्काची असलेली रजाही गेली. जहाजावरच्या त्या व्यवस्थापकाला आणि या मुकादमाला कामगार चळवळीने आपले मानण्याचे कारण याहून वेगळे शोधण्याची गरज नाही. कायद्यानेच त्यांना उघड्यावर आणून सोडले आहे.

यावर उपाय म्हणून संसदेत विधेयक आले होते. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे विधेयक २०१८ मध्ये मांडले, आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. मांडणाऱ्यांचे अभिनंदन करावे, पण फार आशा धरू नये. खासगी सदस्याचे विधेयक कायदा होऊन १९७० नंतर एकही बाहेर पडलेले नाही. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्याने हा हक्क आला व २०१७ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. पन्नास वा त्याहून अधिक नोकर असलेल्या आस्थापनेने संघटनेशी याबाबत वाटाघाट केलीच पाहिजे, असे तो सांगतो. जेथे संघटना दमदार तेथे हक्क दमदार, जेथे ती दुबळी तेथे मालक स्वतःच एक सनद लिहून भिंतीला टांगतो. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरचा फोन न घेण्याचा हक्क मिळाला, परंतु नकार अवास्तव आहे की नाही हे पाहण्याची मुभा ठेवूनच. कायदा हवाच. तो आपोआप कोणाचा फोन बंद करील अशी समजूत मात्र नको.

एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. भट्टी पेटती असते, ती घड्याळ पाहत नाही. वितळलेले लोखंड थंड झाले तर भट्टीसकट नुकसान होते, आणि ते रोखण्याची युक्ती एकट्या जुन्या माणसालाच ठाऊक असते. दहा-बारा माणसांच्या छोट्या कारखानदाराला दुसरा तसा माणूस ठेवणे परवडत नाही हेही नाकारता येणार नाही. (गवळ्याच्या म्हशीला आणि रात्रीच्या पाळीत येणाऱ्या शेतीपंपाच्या विजेलाही सुट्टी कळत नाही, पण तो शेतकऱ्याच्या दुसऱ्या लढ्याचा विषय आहे.) तरी या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मालक काढतो तो नव्हे. निकड खरी असेल तर तिची किंमत असते. दवाखान्यात निकडीच्या पाळीवरचा डॉक्टर असतो, वीज मंडळात बिघाडाच्या पाळीवरचा तारतंत्री असतो. त्यांची पाळी लावलेली असते, आणि पाळी संपली की ते मोकळे असतात. जेथे निकडीची पाळी नाही आणि तरीही रोज निकड आहे, तेथे निकड भट्टीची नसून कमी माणसांत काम भागवण्याच्या हिशेबाची आहे.

म्हणून येत्या वेतनकरारांत गोकुळ शिरगाव व शिरोलीच्या संघटनांनी, आणि आशा व अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात हा मुद्दा पगारवाढीच्या खाली नव्हे तर तिच्या शेजारी लिहावा. पाळी संपल्यानंतर व रजेच्या काळात आलेला प्रत्येक फोन व प्रत्येक फर्मान कामाच्या वहीत नोंदले जावे. एका निरोपालाही किमान एका तासाची दुप्पट मजुरी पडावी, म्हणजे फोन लावणारा बोट उचलण्याआधी विचार करील. रजेत काम घेतले गेले तर तो दिवस रजेतून वजा होऊ नये. रजेवरच्या माणसाची बदली कोण, हे रजेच्या अर्जावरच लिहिलेले असावे, आणि ती बदली गावातल्या कंत्राटी पोरांतून कायम नोंदीने भरली जावी. उत्तर न दिल्याबद्दल कोणाचे मूल्यमापन उतरवले गेले, तर सिद्ध करण्याचा भार मालकावर राहावा. पर्यवेक्षक संघटनेचे सभासद नाहीत म्हणून हे कलम त्यांना लागू नाही, असा युक्तिवाद वाटाघाटीच्या टेबलावर पहिल्याच बैठकीत येईल. त्या बैठकीआधीच त्यांना सभासद करून घ्यावे.